हुक उंच नव्हता

साउथ शील्ड्स, ११ जानेवारी

प्रिय लायनल,

सहा वर्षांनी लिहितोय. ॲव्हरिल दर रविवारी तुला फोन करते. तुझी खबर मला तिच्याकडून कळते आणि माझी तुला कळत असणार, म्हणून तब्येतीचं लिहीत नाही.

एथेलला, तुमच्या आईच्या नावाच्या आपल्या मॉडेल टगला, माळ्यावरून खाली काढली. घोंगडीत गुंडाळलेलीच होती. तुझा एकही सांधा उकललेला नाही, डेकवर एक चीर नाही. बिघडलंय ते सगळं माझ्याकडचं. दोन्ही मोटरी गंजून जाम झाल्यात, त्यांचे कंट्रोलर हिरवे पडलेत, वायरी हातात तुटतात.

काढली याचं कारण असं. ऑक्टोबरात सार्वजनिक बागेतलं तळं रिकामं करणार आहेत, तळ नव्याने बांधायला. दोन वर्षं पाणी नाही. म्हणून पर्सी प्रिंगलने (क्लबचा चिटणीस अजून तोच आहे, मिशी काढली) या ऑगस्टात जोडीची ओढ पुन्हा ठेवली आहे. नियम तेच. जहाजं ओढणाऱ्या दोन टग-बोटी, मध्ये इंजिन नसलेलं अडीच मीटरचं जहाज. एकीने पुढून ओढायचं, दुसरीने मागून आवरायचं आणि बोये चुकवत गोदीच्या दारातून आत न्यायचं.

मला जोडीदार नाही. कुणाला विचारलेलंही नाही. मी त्र्याहत्तर, तू शहात्तर. दोन वर्षांनी तळ्यात पाणी येईल, आपलं सांगता येत नाही. तू यावंस असं मला वाटतं.

हे लिहून झालं. आता मोटरचं विचारतो. एथेलला कुठली घालू? जुन्या पद्धतीची, गाडीच्या हीटरच्या पंख्यातली? की नवी, बिनब्रशची?

ॲव्हरिल मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "चाळीस वर्षं बसडेपोत वायरी जोडल्यास आणि मोटर कुठली म्हणून माझ्या भावाला विचारतोस? तुझं तुला तरी पटतंय का?"

मी म्हटलं, चहा टाक.

एडविन


साउथ शील्ड्स, ४ फेब्रुवारी

प्रिय लायनल,

तुझा निरोप मिळाला. ॲव्हरिलने रिसीव्हर ठेवला आणि तुझ्याच आवाजात म्हणाली, "त्याला सांग, पंख्याचा व्यास आधी कळव. पाय न मोजता बूट घेतात का?"

बरोबर आहे. साठ मिलिमीटर, चार पाती, पितळी, दोन. तुला पाठ असणार, मलाही होतं. तरी पुन्हा मोजलं.

हे विचारण्याआधीच मी एक चूक करून बसलो होतो, ती सांगतो. विमानाच्या मॉडेलची एक मोटर घेतली होती. लहान, हलकी, दिसायला सुरेख. दर व्होल्टमागे हजार फेरे. हवेत फिरवली तेव्हा अर्धा अँपियरही खाल्ला नाही, मी खूश. मग आंघोळीच्या टबात एथेलला नळाला बांधून पुढे सोडली. अठरा अँपियर. दोन मिनिटांत वास आला आणि निम्मं पाणी भिंतीवर. ॲव्हरिल दारात आली. म्हणाली, आमच्या आईला टबात घालून असं कुणी घुसळलं नव्हतं.

हवेतला आकडा बघून मोटर घेणं म्हणजे रिकामी बैलगाडी ओढून बैल पारखणं. हे मी क्लबात वीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो.

टगला वेग नको, रेटा हवा. मोठा पंखा, सावकाश. म्हणून आता व्होल्टमागे तीनशे फेऱ्यांची बिनब्रशची बघतोय. जाडजूड आहे, कपाच्या तळाएवढी. तुझं काय म्हणणं?

एडविन


साउथ शील्ड्स, १९ मार्च

प्रिय लायनल,

तीनशेवाल्या दोन आणल्या. टबात नळाला बांधून पूर्ण जोर दिला तर एकेक मोटर तीन अँपियर खाते. दहा मिनिटांनी हात लावला, कोमट. नळ हलला म्हणून ॲव्हरिल रागावली.

कंट्रोलर मात्र चुकले. तीस अँपियरचे हवे होते; दहापट मोकळीक असलेली बरी, पंख्यात शेवाळ अडकलं की मोटर किती ओढेल याचा भरवसा नाही. दुकानात तीसचे होते, ते मी घेतले. डबीवर गाडीचं चित्र होतं, ते पाहिलं आणि सोडून दिलं.

शनिवारी तळ्यावर नेली. पुढे झकास जाते. गोदीच्या भिंतीजवळ आलो, रिमोटची काठी मागे ओढली. एथेल थांबली नाही. मग थांबायचा विचार केला. मी काठी सोडून पुन्हा मागे ओढली तेव्हा कुठे उलटी फिरली. तोवर नाक भिंतीवर. गाडीच्या कंट्रोलरला मागे म्हणजे आधी ब्रेक, आणि दुसऱ्यांदा मागे म्हणजे मागे.

पर्सी म्हणाला, "एडविन, सावकाश. सिग्नल लागलाय तिला."

नाकावरचा धक्के झेलणारा टायर दबला, बाकी काही नाही. तुझं लाकूड आहे. बोटीचे कंट्रोलर मागवलेत.

तुझं कार्ड या सगळ्यानंतर आलं. समुद्रातल्या खडकाचं चित्र छान आहे. चार ओळी, पण मी मोजत नाही. एका कंट्रोलरची लाल वायर काढली, होय. दोन्हींनी रिसीव्हरला वीज पाठवली तर ते आपसात भांडतात, एवढं अजून लक्षात आहे.

तू येणार की नाही ते कार्डावर नव्हतं. वाट बघतो.

एडविन


साउथ शील्ड्स, ७ एप्रिल

प्रिय लायनल,

नवे कंट्रोलर बसले. आता मागे म्हणजे लगेच मागे. प्रत्येक मोटरीला वेगळा फ्यूज दिला. डेक घासून रंगवला, टायर नवे लावले, धुराड्यावरचा पांढरा पट्टा ॲव्हरिलने काढला, तिचा हात स्थिर आहे.

दोराच्या हुकाला हात लावलेला नाही. तू ठेवलास तिथेच आहे.

इकडे वारा फार.

एडविन


साउथ शील्ड्स, १२ मे

प्रिय लायनल,

रविवारी तू फोनवर ॲव्हरिलला म्हणालास, बॅटरी कुठली घालणार ते मी कार्डात विचारलं होतं, त्याने एप्रिलच्या पत्रात सगळं लिहिलं, तेवढंच लिहिलं नाही.

नाही लिहिलं. आता लिहितो.

सहा वर्षांपूर्वीच्या ओढीत, जून महिन्यात, एथेल बुडाली. दोर मागून यायचा तो कुशीत आला, जहाजाने तिला आडवी ओढली आणि चार सेकंदांत ती उलटली. पर्सीने दाताळ्याने तिला वर काढली. मग सगळे काठावर उभे राहून कारण शोधायला लागले आणि त्यांना तुझा हुक सापडला. हुक उंच आहे, दोर उंचावरून ओढला की बोट कलंडणारच. क्लबच्या वहीत तेच लिहिलं गेलं. "कारण: हुक उंच." तू वाद घातला नाहीस. नकाशात तसाच आहे एवढं म्हणालास, आणि नंतर तेही म्हणायचं सोडलंस.

हुक उंच नव्हता.

एथेलची बॅटरी शिशाची होती, अडीच किलोची, तळाशी. तुझं सगळं वजनाचं गणित तिच्यावर उभं होतं. तिला हिवाळ्यात दर महिन्याला चार्ज करायचं काम माझं. त्या हिवाळ्यात मी केलं नाही. विसरलो. दुसरं कारण नाही. स्पर्धेच्या सकाळी लावून पाहिली तर मेलेली. बसडेपोचा इलेक्ट्रिशियन, आणि एक बॅटरी जिवंत ठेवता आली नाही. तुला सांगायची लाज वाटली.

घरात लिथियमची होती, चारशे ग्रॅमची. व्होल्ट जवळपास तेच, ताकद भरपूर. ती बसवली. दोन किलो कमी झालेत हे मला माहीत होतं. छपराच्या शिशाच्या पत्र्याचे तुकडे कापून तळाशी ठेवायचे असं ठरवून तुकडे बाकावर काढलेही. मग टबात सोडली तर नीट तरंगली. हलवली, पुन्हा सरळ झाली. टबात जहाज नसतं, दोर नसतो. मला घाई होती. तुकडे बाकावर राहिले.

तळ्यावर ॲव्हरिल म्हणाली, आईने आज झगा वर उचललाय. सगळे हसले. पाण्याच्या रेषेखालचा लाल रंग बोटभर वर दिसत होता. तू दंतवैद्याकडून थेट आला होतास, गाल सुजलेला. तू तिच्याकडे बघून मला विचारलंस, "ती जरा उंच बसलीय का रे?"

मी म्हणालो, "उजेडामुळे तसं दिसतंय."

हे वाक्य मी सहा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी मी लिथियम काढून फेकून दिली, आणि नंतर तू बोट तपासायला आलास तेव्हा जुनी शिशाची आत होती. तू ती हातात घेऊन पाहिलीस. मी शेजारी उभा होतो. त्यानंतर तू हत्यारं विकलीस आणि रोनाकडे ऑर्कनी बेटांवर गेलास. लोक म्हणाले, मुलीजवळ राहायला गेला. मीही तेच म्हणालो.

जानेवारीत तुला मोटरीचं विचारलं ते हे सांगवत नव्हतं म्हणून. मोटर मला कळते.

गुरुवारी क्लबची सभा होती. हे पत्र टाकण्याआधी तिथे सांगायचं ठरवलं होतं, नाहीतर तुला वाटेल मी सौदा करतोय. उभा राहून सांगितलं. सात मिनिटं लागली. मग पर्सीने जुनी वही काढली, ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, "हुक योग्य. वजन कमी. जबाबदार: एडविन हेस्लॉप." मला वाचून दाखवलं आणि पुढचा विषय घेतला, चहाच्या किटलीचा.

तू ऑगस्टात यावंस असं मला अजून वाटतं. नाही आलास तर का ते मला कळेल.

एडविन


साउथ शील्ड्स, ३० जून

प्रिय लायनल,

तुझं पत्र मंगळवारी आलं. तीन पानं. दोनदा वाचली.

तिकडे तू तीन टग बांधल्यास हे ॲव्हरिलने सांगितलं होतं. प्रत्येकीचा हुक आदलीपेक्षा खाली, हे तिला माहीत नव्हतं. तिसरीचा इतका खाली की दोर कठड्याला घासतो आणि ओढताना तिला वळताच येत नाही, गाभण गाईसारखी चालते, असं तू लिहिलंस. ती वळत नाही म्हणून तू सुकाणू बदललंस, मग पंखे बदललेस. हुक मात्र वर नेला नाहीस.

आणि पुढचं. तीस वर्षं टाइन नदीवर खऱ्या टगांच्या इंजिनात काढलेल्या तुला तिकडे स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर कुणी काही विचारलं, की तू म्हणायचास, मला नक्की सांगता येणार नाही.

मी समजत होतो की मी एक बोट बुडवली.

तू लिहिलंस की माफीबिफी लिहून पाठवू नकोस, मला वाचायला चष्मा लागतो. नाही पाठवत.

पत्र मी ॲव्हरिलला दाखवलं नव्हतं. तिने माझ्या कोटाच्या खिशातून काढून वाचलं. दोन दिवस बोलली नाही. जेवण टेबलावर ठेवायची आणि शेजारणीकडे जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "झग्याचं मी बोलले तेव्हा तूही हसलास." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "बटाटे सोल."

आता कामाचं. बॅटरी शिशाची घेतली, बारा व्होल्ट, सात अँपियर-तास, अडीच किलो. दोन्ही मोटरी जोरात चालवल्या तरी तासभर पुरते. पर्सी म्हणतो आता सगळे लिथियम घालतात आणि फरकाएवढं शिसं तळाशी ठेवतात, तेही चालेल. मला माहीत आहे चालेल. पण टगमध्ये वजन ठेवायचंच आहे तर त्या वजनाने वीजही द्यावी. दर महिन्याच्या एक तारखेला चार्ज करतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ॲव्हरिल फुली मारते, मी नाही.

पाण्याची रेषा तू ओढलीस तिथे बसते. उजेडात बघितली, ढगात बघितली.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "ऑगस्टात येतो. पण मी बहिणीकडे उतरेन, तुझ्याकडे नाही." बहिणीकडची मागची खोली तयार आहे. तिचा नवरा दिवसभर शेडमध्ये असतो, तुला त्रास होणार नाही.

तिसरी टग घेऊन ये. हुक वर नेलास तर उत्तम. न्यायचा की नाही ते तू ठरव.

एडविन


साउथ शील्ड्स, २८ ऑगस्ट

प्रिय लायनल,

पोचल्याचा फोन ॲव्हरिलने घेतला. बोटीत पोटात ढवळलं हे ऐकून तिला फार आनंद झाला. म्हणते, जन्मभर समुद्रावर काढून शेवटी प्रवासी म्हणून ओकला.

पर्सीने वहीतली नोंद मला लिहायला सांगितली आहे. तू बघून दिल्याशिवाय मी काही लिहिणार नाही, म्हणून मसुदा पाठवतो. चुकलं असेल ते खोड.

"जोडीची ओढ. पाच जोड्या. लायनल पर्विस आणि एडविन हेस्लॉप, तिसरे. पुढे एथेल, चालवणार पर्विस. मागे पर्विस यांची ऑर्कनीची टग, हुक नव्या जागी, चालवणार हेस्लॉप. वारा समुद्राकडून. दुसऱ्या वळणावर जहाज वाऱ्याने फिरलं, दोर एथेलच्या कुशीत आला, ती कठड्यापर्यंत कलली. मागच्या टगने लगेच उलटा जोर देऊन जहाज धरलं. एथेल सरळ झाली. गोदीत शिरताना एक बोया शिवला, दोन गुण गेले. बोया हेस्लॉप यांनी शिवला."

तिसरे आलो म्हणून मी खूश आहे असं लिहिलं तर पर्सी खोडेल. आहे.

ती कलली तेव्हाचं थोडं तुझ्यासाठी लिहितो, कारण तू तिच्याकडे बघत होतास आणि मी तुझ्याकडे. काठावरचे सगळे पुढे सरकले. त्यातल्या निम्म्यांनी गेल्या वेळचं पाहिलं होतं. लाल पट्टा दिसला, मग तळ दिसला. माझा अंगठा काठीवर होता आणि मी काहीच करत नव्हतो, मला तेव्हा फक्त दोन किलो आठवत होते. तू ओरडला नाहीस. आवाजही चढवला नाहीस. "एडविन, धर तिला," म्हणालास, आणि मी धरलं. पुढे म्हणालास, "बास. आता सोड थोडं. थोडं म्हटलं मी." एवढंच. तोवरच्या सहा वर्षांत माझ्याशी थेट बोललेली ही सगळ्यांत मोठी वाक्यं होती. आदल्या तीन दिवसांत तू मला मीठ मागितलंस तेही ॲव्हरिलमार्फत.

ती उठली तेव्हा पर्सीने टाळी वाजवली. पंचाने वाजवू नये, त्याला नंतर बोलणी बसली.

दुपारी बाकावर बसून आपण हॅमचे पाव खाल्ले तेव्हा स्ट्रॉमनेसच्या त्या पोराबद्दल बोललास, ज्याच्या मासेमारीच्या बोटीचं सुकाणू जड झालंय. परत गेल्यावर त्याला सांगतो काय करायचं ते, म्हणालास. मी मान हलवली. तोंडात पाव होता.

वहीत न घालण्याची एक गोष्ट राहिली.

सकाळी तळ्यावर पोचलो तेव्हा कुणी कुठली टग चालवायची हे ठरलं नव्हतं. मला वाटत होतं तू तुझी घेशील. मी एथेलला काठावर ठेवली आणि डेकवरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. बॅटरी दिसेल, तिच्यावर छापलेलं वजन दिसेल, वायरी, फ्यूज, सगळं दिसेल असं. वजनकाटाही आणला होता, पिशवीत होता. तू बघशील, हात घालशील, उचलून पाहशील, म्हणून मी दोन पावलं मागे सरकून उभा राहिलो. त्यासाठी मी तयार होतो. तू तपासावंस असं मला वाटत होतं.

तू आलास. तिच्या नाकाचा नवा टायर अंगठ्याने दाबलास. रिमोट माझ्या हातातून घेतलास आणि म्हणालास, मी हिला घेतो. मग उघड्या भोकाकडे न बघता तळ्याकडे बघत उभा राहिलास. वारा वाढत होता, काठावर लाटा आपटत होत्या. मी तसाच थांबलो.

तू म्हणालास, "झाकण लाव की. पाणी जाईल आत."

मी लावलं.

एडविन